अनुभव धागा: तुमच्या एका मताची गोष्ट

वांगीकर
आज आईचं नाव मतदार यादीतून कमी करायचा सात नंबरचा फॉर्म भरला. बीएलओ (गावातल्या मतदार यादीचं काम बघणाऱ्या) बाईंनी कारण विचारलं, तर पटकन बोलताच आलं नाही.

१७ एप्रिल १९९९ ला वाजपेयींचं सरकार एका मतानं पडलं, २६९ विरुद्ध २७०. शेजारच्यांच्या टीव्हीवर बघत होतो, आई दारात उभी. वडील म्हणाले, "ते खासदाराचं मत, आपलं नव्हं." आई म्हणाली, "आणि खासदाराला कुणी धाडलं?" त्याच वर्षी परत निवडणूक लागली. भांगलायला जाण्याआधी सातच्या ठोक्याला ती शाळेत, रांगेत पहिली. शिक्का कुणावर मारला ते वडिलांनाही कधी सांगितलं नाही.

एका मतानं खरंच काही होतं का? तुमचंही लिहा.

शिवारातला
दादा, वाईट वाटलं. पण खरं सांगू? २०२४ ला सांगलीत लीड लाखाच्या वर. माझं मत त्यात कुठं गेलं? जतच्या आमच्या शिवारात म्हैसाळ योजनेचं पाणी अजून नाही. मत देत आलोय, पाण्याची वाट बघत आलोय.

कोरेगावची
आमच्याकडं उलट. साताऱ्यात फरक ३२,७७१ चा आणि पिपाणी चिन्हाला पडली ३७,०६२ मतं. आमचे आबा तुतारी समजून पिपाणी दाबून आले. निकालादिवशी जेवले नाहीत. सगळीच मतं चुकून पडली असं मी म्हणत नाही, पण आबांचं पडलं हे मला माहीत आहे.

खडूफळा
इलेक्शन ड्युटीला बामणोलीहून लाँचनं कोयना धरणाचा शिवसागर ओलांडून गेलेलो. पहाटे मॉक पोलची ५० मतं मारायची, मोजायची, पुसायची, सील करायचं, मग सातला खरं मतदान. यादी छोटीशी. दुपारी एक बाबा काठी टेकत आले. म्हणाले, "धरणात गाव गेलं, पोरं तिकडं पुनर्वसनात. मी हाय म्हणून यादीत गाव हाय." त्यांच्या बोटाला शाई लावताना माझाच हात थरथरला.

नीरेपलीकडं
मी रात्रीच्या एसटीनं पुण्याहून विट्याला गेले, उभ्यानं. यादीत नाव नाही! कार्ड हातात, नाव गायब. रडूच आलं. एक मत नगण्य असतं तर रडू का आलं असतं?

खडूफळा
ताई, नुसतं कार्ड असून भागत नाही, यादीत नाव लागतं. महिनाभर आधी बघत जा. आणि तुमच्या नावावर दुसरंच कुणी मत टाकून गेलं असेल तर घरी परतू नका, टेंडर मत मागा. कागदी मतपत्रिका मिळते.

मिरज जंक्शन
माझ्या वडिलांनी टाकलंय ते. लिफाफ्यात बंद होतं, नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत, कोर्टात गेलं तरच. तरी तासभर भांडून टाकलं.

@शिवारातला: १९९८ ला राजमहलची जागा (तेव्हा बिहारात, आता झारखंडात) ९ मतांनी गेली. २०२४ ला मुंबई उत्तर पश्चिम ४८ मतांनी.

शिवारातला
आमच्याकडं ४८ वर येत नाही दादा.

कोरेगावची
पण बूथनिहाय आकडे निघतात ना. कुठल्या गावात किती पडलं हे पुढारी वहीत लिहून ठेवतात. मतंच पडली नाहीत तर तुमच्या गावाला विचारणार कोण?

शिवारातला
हे मात्र पटलं. टँकरच्या वेळी तोच हिशोब काढतात.

हळदपेव
वांगी म्हणजे कडेगावचं का हो? माझ्या आत्याचं सासर तिथलं. देवळामागचा वाडा.

वांगीकर
हो, कडेगावचंच. आत्याबाईंना आई ओळखत असणार, हळद शिजवायला सगळ्या एकत्रच असायच्या.

हळदपेव
आज फोन करून विचारते. आईंचं कार्ड जमा करावं लागलं का?

वांगीकर
नाही, झेरॉक्स दिली. कार्ड पाकिटात ठेवलंय. तिचा एकटीचा तेवढाच फोटो आहे.