वही ठेवली, पाना उचलला (की नाही?) : तुमचा अनुभव लिहा

बहिणीचा मुलगा परवा रात्री फोनवर म्हणाला, "मावशी, मी कॉलेज सोडतोय. तुझ्यासारखा गॅरेजमध्ये शिकाऊ म्हणून लागतो." गणिताची पदवी दुसऱ्या वर्षात सोडून मी हा धंदा धरला, त्याला आता चौदा वर्षं झाली. म्हणजे माझ्याकडे उत्तर तयार असायला हवं होतं. पण मी गप्प बसले. माझं जमलं, हे खरं. पण उस्ताद चांगला मिळाला, पाठ अजून धड आहे, पहिली दोन वर्षं घरच्यांनी माझ्या कमाईकडे डोळे लावले नाहीत, यात माझं कर्तृत्व किती? माझ्या एकटीच्या गोष्टीवर पोराने उडी मारू नये, म्हणून हे आमंत्रण. सोडून गेलेले, जाऊन परत आलेले, ठरवूनही न गेलेले, आईबाप, शिकाऊ मुलं ठेवणारे मालक, सगळ्यांनी लिहा. सल्ले नकोत, काय घडलं ते हवं. किती विषय राहिले होते तेही लिहा, लाजू नका.

सुरुवात मीच करते. समांतर जोडलेल्या रोधांची गणितं मी कॉलेजात झोपेतही सोडवली असती. गॅरेजमध्ये सहाव्या महिन्यात एक गाडी आली. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम पेटलेले, आणि स्कॅनर लावला तर निम्मी कंट्रोल युनिट (गाडीतले छोटे संगणक) उत्तरच देईनात. उस्तादाने बॅटरी सोडवली, मल्टिमीटर माझ्या हातात दिला आणि कॅन बसच्या, म्हणजे ही युनिट ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या दोन तारांमध्ये ओहम मोजायला सांगितले. आले 120. "किती यायला हवेत?" मला ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, या तारांच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचा एकेक रोध बसवलेला असतो. मी पटकन म्हणाले, मग 60 यायला हवेत! "मग दुसरा कुठे गेला?" तो दुसरा शोधायला पुढचे दोन तास गेले. एका कनेक्टरमध्ये पाणी शिरून पिन हिरवी पडली होती, तार तिथे तुटल्यातच जमा. गणित मला आवडत होतंच, हे मला त्या दोन तासांत कळलं. कंटाळा होता तो उत्तर पुस्तकाच्या मागे छापलेलं असण्याचा.

हे ऐकायला गोड वाटतं, म्हणून पुढचंही सांगते. असा दिवस महिन्यातून एखादा येतो. बाकीचे दिवस ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड, ऑइल, फिल्टर.

*

तीन सत्रं करून बाहेर पडलो. पहिले आठ महिने झाडू, पार्ट धुणं आणि "तो चौदाचा पाना दे". आपल्याला कुणी काही शिकवत नाही असं तेव्हा वाटायचं. आता वाटतं की बघत होतो तेवढं शिकत होतो, आणि बऱ्याचदा बघत नव्हतो.

माझ्या लक्षात राहिलेला दिवस माझ्या एका चुकीचा आहे. ऑइल बदलून झाल्यावर ड्रेन प्लग (ऑइल काढायच्या भोकाचं बूच) आवळला, गळायला नको म्हणून अजून थोडा आवळला. ऑइल पॅन अ‍ॅल्युमिनियमचं. आटे जातात तेव्हा आवाज होत नाही, पाना हातात एकदम हलका होतो. तसा झाला, आणि पोटात गोळा आला. सांगावं, की आट्यांना पेस्ट फासून गाडी पुढे ढकलावी? दहा मिनिटं गाडीखाली नुसता पडून होतो. शेवटी सांगितलं. मालकाने सगळ्यांसमोर धुतला, मग शेजारी बसून नवे आटे पाडून इन्सर्ट (आट्यांची तयार धातूची नळी) कसा बसवायचा ते माझ्याच हातून करून घेतलं. त्यानंतर महिनाभर मला शिक्षा अशी, की चाकाचा नट हाताने आवळायचा, किती न्यूटन मीटर झाला असेल ते मोठ्याने बोलायचं आणि मग टॉर्क पान्याने, म्हणजे आवळण्याचा जोर दाखवणाऱ्या पान्याने तपासायचं. छोट्या गाड्यांच्या चाकांना बहुतेक वेळा 100 ते 120 लागतात. मी रुबाबात "110" म्हणायचो आणि निघायचे 150. सगळे हसायचे. महिन्याअखेरीस पाच-सातच्या फरकाने सांगू लागलो, तेव्हा कुणी शाबासकी दिली नाही, फक्त दुसऱ्या दिवशी ब्रेकचं काम दिलं.

परीक्षेत दहातली सहा उत्तरं बरोबर आली की मी खुशीत घरी जायचो. ती सवय मोडायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

*

मी जाऊन परत आलेला. थर्मोडायनॅमिक्समध्ये (उष्णतेच्या शास्त्रात) दोनदा गटांगळी खाल्ली आणि "मला पुस्तकी शिक्षण मानवत नाही" असं जाहीर केलं. खरं तर मला एक विषय आणि तो शिकवणारे एक सर मानवत नव्हते. पण तेवढ्यासाठी कॉलेज सोडलं म्हटलं तर कसं दिसेल? गाड्या लहानपणापासून आवडायच्याच, ते कारण हाताशी होतं.

एकोणीस महिने केलं. मला गाड्या आवडत होत्या, गॅरेज नाही. रविवारभर स्वतःच्या गाडीचा कार्ब्युरेटर खोलून बसणं वेगळं, आणि सव्वा तासाच्या ठरलेल्या कामाला तीन तास लागल्यावर मागच्या गाडीवाल्याची नजर चुकवणं वेगळं. शिवाय माझे प्रश्न थांबेनात. पेट्रोल इंजिनात कॉम्प्रेशन (आतला दाब) वाढवत नेलं की ठोका, म्हणजे इंधन आपोआप पेटून होणारी ठकठक, का येतो, आणि डिझेलमध्ये मुळात दाबूनच पेटवतात ते कसं चालतं? उस्ताद वैतागून म्हणायचा, "खोल आणि बदल." त्याचं चुकत नव्हतं. बाहेर चार गाड्या उभ्या असायच्या.

परत गेलो तेव्हा अभ्यासक्रम बदललेला, दोन उत्तीर्ण विषय पुन्हा द्यावे लागले. मी नाव काढून टाकलं होतं. त्याऐवजी वर्षाची रजा मागितली असती तर ते वाचले असते, पण तेव्हा मला दार धाडकन लावून बाहेर पडायचं होतं ना. थर्मोडायनॅमिक्स मात्र तिसऱ्यांदा निघाला. गरम होऊन वाकलेलं सिलिंडर हेड सरळपट्टी लावून स्वतः मोजलं होतं, त्यामुळे या वेळी सर काय म्हणतायत ते दिसत होतं.

*

मी आधी पदवी पुरी केली, मग 24 व्या वर्षी शिकाऊ लागलो. माझ्यावर देखरेखीला सतरा वर्षांचा मुलगा, तो मला काका म्हणायचा. पदवीचा उपयोग काय झाला? वॉरंटीचे अर्ज मी लिहितो, ते परत येत नाहीत. हसू नका, गॅरेजमध्ये याला फार किंमत आहे.

*

मी आई आहे. मुलीने शेवटच्या वर्षाला चार महिने उरले असताना सोडलं. मी तिला म्हटलं की शिक्षण अर्धवट टाकू नये. पण मला खरं टोचलं ते वेगळंच. तिच्या फीसाठी मी तीन वर्षं दोन-दोन पाळ्या केल्या होत्या आणि ती वर्षं तिने उकिरड्यावर टाकली असं मला वाटलं. ती म्हणाली, "आई, तुझे पैसे मी फेडीन." ते तर जास्तच लागलं. दोन महिने आम्ही कामापुरतं बोलायचो.

मग माझी गाडी रोज सकाळी बंद पडू लागली. नवी बॅटरी टाकली तरी तेच. ती रविवारी मीटर घेऊन आली. रात्रीपेक्षा सकाळी व्होल्ट कमी झाले होते. "काहीतरी रात्रभर पितंय," म्हणाली. मीटर बॅटरीच्या तारेत जोडला, दारं लॉक केली आणि अर्धा तास नुसती बसून राहिली. मी विचारलं, आता काय? तर गाडी झोपायची वाट बघतेय म्हणे, सगळी युनिट लगेच बंद होत नाहीत. मग एकेक फ्यूज काढू लागली. मीटरवर 400 मिलिअँपिअर होते. एक फ्यूज काढला आणि एकदम 30 वर आले. डिकीतला दिवा झाकण लावल्यावरही विझत नव्हता. एवढंच! मी शेजारी टॉर्च धरून उभी होते. ती मला काही पटवून देत नव्हती, तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. कॉलेजचं पुस्तक वाचताना ती अशी कधी दिसली नव्हती.

अजूनही नातेवाइकांनी विचारलं तर "ऑटोमोबाइलमध्ये आहे" एवढंच सांगते. हे लिहिताना माझी मलाच लाज वाटली.

*

वरच्या ताईंना, नातेवाइकांसाठी माझ्याकडे एक ठेवणीतलं उत्तर आहे. 1876 मध्ये चार स्ट्रोकचं इंजिन चालवून दाखवणारा निकोलाउस ऑटो इंजिनिअर नव्हता, आधी गावोगाव फिरून माल विकायचा. आणि रुडॉल्फ डिझेल म्युनिकच्या पॉलिटेक्निकचा हुशार विद्यार्थी, उष्णतेचा सिद्धांत वर्गात ऐकून त्यावर इंजिन बांधणारा. ते 1897 मध्ये नीट चाललं. आमच्याकडे रोज दोघांचीही इंजिनं दुरुस्तीला येतात. मी स्वतः कुठलीच पदवी पुरी केलेली नाही, पण एवढं पाठ आहे.

*

बावन्न वर्षांचा आहे, थोडक्यात लिहितो. गुडघे गेले. डाव्या कानाला शिट्टी ऐकू येते, हवेच्या दाबावर चालणाऱ्या एअर गनचं काम कानात बोळे न घालता केलं त्याचं बक्षीस. जुनं इंजिन ऑइल उघड्या हातांनी पुसायचो, पेट्रोलने हात धुवायचो. कातडीला हे किती वाईट आहे ते तेव्हा कुणी सांगितलं नाही, जुन्या ब्रेक लायनिंगमधल्या अ‍ॅस्बेस्टॉसचंही नाही. हवेने धूळ उडवायचो सरळ. शिकाऊ मुलगा हातमोजे मागतो तेव्हा त्याला नाजूक म्हणणारा उस्ताद असेल, तर दुसरं गॅरेज बघा. (सल्ला दिला, माफ करा.) काम मात्र अजून आवडतं. आता टेबलावर बसून गिअरबॉक्स खोलतो.

*

मी शिकाऊ मुलं ठेवतो, वर्षाला एक किंवा दोन. कॉलेज सोडून आलेल्याला मी विचारतो की तिथे शेवटचं काय आवडलं होतं. "काहीच नाही" म्हणाला तर मला जरा धास्ती वाटते. अशी तीन मुलं ठेवली, दोन इथूनही तशीच गेली. तिसरा मात्र आज माझा सगळ्यात चांगला माणूस आहे, तेव्हा माझ्या धास्तीवर फार जाऊ नका.

मुलं मला उलटे प्रश्न विचारत नाहीत, याचं नवल वाटतं. करार लेखी आहे का? वर्गाच्या दिवसाचे पैसे धरणार का? हत्यारं कुणाची? शेवटी मिळणारं प्रमाणपत्र दुसऱ्या गॅरेजमध्ये, दुसऱ्या गावात चालेल का? आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या वर्षी माझ्या हाताला कोणतं काम असेल? दोन वर्षं नुसते टायर बदलायला लावणारे मालक आहेत. माझ्या ओळखीचे आहेत, म्हणून सांगतो. अशा ठिकाणी आधीच्या शिकाऊ मुलाला गाठून विचारावं, मालकाला नाही.

*

"सगळं इलेक्ट्रिक झाल्यावर काय करणार?" हे मला कॉलेज सोडताना सगळ्यांनी विचारलं. आज मी तेच करतो. 400 व्होल्टची बॅटरी, जाड नारिंगी तारा, 1000 व्होल्टचे रबरी हातमोजे. मोजे घालण्याआधी त्यात हवा भरून भोक नाही ना ते बघायचं, बॅटरी तोडणारा सर्व्हिस प्लग काढून कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरेपर्यंत थांबायचं, मग मीटरने शून्य बघायचं, आणि तोच मीटर चालू आहे ना तेही दुसरीकडे लावून बघायचं. घाई करणाऱ्याचं काम नाही. ऑइल बदलणं गेलं, हे खरं. पण ब्रेक, सस्पेन्शन, टायर, एसी कुठे गेले? ब्रेक ऑइल तर इथेही हवेतलं पाणी शोषतंच. डॉट 4 या प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान 230 अंश असावा लागतो, पाणी मुरल्यावरचा किमान नियम 155 चा आहे. गिऱ्हाइकाला पटत नाही. त्याला वाटतं इलेक्ट्रिक गाडीला काही करावंच लागत नाही.

गंमत म्हणजे मी फिजिक्स सोडून आलो होतो.

*

मी गेलो नाही. सगळं ठरलं होतं, मालकाशी बोलणंही झालं. त्याने सुट्टीत तीन आठवडे येऊन बघ म्हटलं. दुसऱ्या आठवड्यात एक गंजलेला बोल्ट निघेना. तापवला, तेल सोडलं, ठोकला, शेवटी डोकं तुटलं. शेजारचा मुलगा शीळ घालत ड्रिल घेऊन आला, त्याला मजा येत होती. मला रडू येत होतं. परत जाऊन पदवी केली. पस्तावा नाही, अधूनमधून हातांना तो ग्रीसचा वास आठवतो, इतकंच.

*

सगळ्यांचे आभार, पुढेही लिहीत राहा. भाच्याने हे सगळं वाचलं. आईचा अनुभव वाचून तो बराच वेळ काही बोलला नाही, मग ड्रेन प्लगवाल्यावर हसला. आज कॉलेजच्या कार्यालयात जाऊन रजा किती काळ मिळते, फी कुठल्या तारखेआधी थांबवता येते ते विचारून आलाय. सोडायचं की नाही ते ठरलेलं नाही. पुढचे तीन आठवडे सुट्टी आहे आणि एक गंजलेला सायलेन्सर मी मुद्दाम त्याच्यासाठी बाजूला ठेवलाय. सोमवारी पावणेआठला ये म्हटलं, तर विचारतो, "मावशी, आठला चालेल का?"