बाजरी जननद्रव्य: डी-स्क्वेअरमध्ये लांबचे गट मिळाले, संकरासाठी पालक कसे निवडावेत?

प्रश्न (कणीस_४४)
बाजरीचे ४० स्थानिक नमुने (जननद्रव्य, म्हणजे पैदाशीचा मूळ साठा) आणि ४ तुल्यवाण (तुलनेसाठीचे वाण) एकाच ठिकाणी, एका हंगामात, तीन पुनरावृत्तींत घेतले. नऊ गुणधर्मांवर डी-स्क्वेअर (नमुने एकमेकांपासून किती वेगळे, ते मोजणारे सांख्यिकी अंतर) काढल्यावर सहा गट पडले. सगळ्यात जास्त अंतर गट २ आणि गट ५ मध्ये आहे. दाण्यातले लोह ३५ ते ११८ पीपीएम (किलोला मिलिग्रॅम), आणि ११८ चा नमुना गट ५ मध्येच आहे. धान्य उत्पादन आणि लोह दोन्ही हवे असेल तर २ × ५ हा संकर सरळ घ्यावा का?

दाणे_भरणी
आधी हे बघा की अंतर कोणत्या गुणधर्मामुळे पडले. प्रत्येक गुणधर्माचा टक्केवारीतला वाटा काढा. बहुतेक वेळा '५० टक्के फुलोऱ्याचे दिवस' आणि 'हजार दाण्यांचे वजन' हे दोनच निम्म्याहून जास्त वाटा खातात. तसे असेल तर तुमचे गट म्हणजे फक्त हळवे (लवकर येणारे) आणि गरवे (उशिरा येणारे). एका ठिकाणच्या, एका हंगामाच्या आकड्यांत वाण आणि वातावरणाची आंतरक्रिया मिसळलेली असते, म्हणून आनुवंशिकता (फरकातला वारशाने येणारा वाटा) फुगून येते. किमान दोन ठिकाणी किंवा दोन हंगाम घ्या, आणि तरच गट पक्के धरा.

एक ओळीचा वाफा असेल तर उत्पादनाचे आकडे मुळीच धरू नका. शेजारची उंच ओळ बुटक्या ओळीवर सावली करते. चार ओळी घेऊन मधल्या दोन कापा.

लोह_जस्त
११८ वर माझा विश्वास बसत नाही. मातीत लोह साधारण ३ टक्के धरा, म्हणजे किलोला ३०,००० मिलिग्रॅम. एक किलो दाण्यात फक्त १ ग्रॅम माती राहिली तरी लोह ३० पीपीएमने वाढते! त्याच नमुन्याचे ॲल्युमिनियम आयसीपीवर (मूलद्रव्ये मोजणारे प्रयोगशाळेतले यंत्र) तपासून घ्या. स्वच्छ दाण्यात ते नगण्य असते, मातीत भरपूर. लोहासोबत ॲल्युमिनियमही चढले असेल तर ती धूळ आहे. जस्त हा दुसरा ताळा: बाजरीत लोह आणि जस्त बहुधा सोबत वाढतात. लोह ११८ आणि जस्त ३५ असेल तर शंका घ्याच.

कणसे जमिनीवर न टाकता सरळ कापडी पिशवीत घ्या, लोखंडी मळणीयंत्र टाळा, दळायला पोलादी चक्की वापरू नका. एक्सआरएफवर (क्ष-किरणांनी मूलद्रव्ये मोजणारे यंत्र) अख्खा दाणा चालतो, फक्त यंत्राचे प्रमाणीकरण बाजरीच्याच नमुन्यांवर केलेले हवे.

आणखी एक. स्वफलनासाठी कणसावर चढवलेल्या पिशवीखाली दाणे कमी भरले तर उरलेल्या दाण्यांत लोह एकवटते. म्हणून प्रत्येक कणसाची भरणी टक्क्यांत नोंदवा आणि विरळ भरलेली कणसे वगळा.

कणीस_४४
वाटा काढला: फुलोऱ्याचे दिवस ५८ टक्के. ११८ च्या नमुन्यात जस्त ४१, आणि कणसे अर्धवट भरलेली होती. मग पालक कसे ठरवावेत?

आर_लाइन
मग तो नमुना सध्या बाजूला ठेवा, फेकू मात्र नका. स्वच्छ काढणी करून पुन्हा तपासा.

लोह आणि उत्पादन यांचा वारसा वेगळ्या रीतीने चालतो. उत्पादनात संकरजोम मिळतो, म्हणजे संकर पालकांपेक्षा सरस निघतो. लोह मात्र मुख्यत्वे योगात्मक जनुकांवर (ज्यांच्या परिणामांची फक्त बेरीज होते) चालते, संकर पालकांच्या सरासरीच्या आसपास येतो आणि सरस पालकाच्या वर क्वचितच जातो. एक पालक ८० आणि दुसरा ४० असेल तर ६० च्या जवळपास धरा. म्हणून दोन्ही पालक लोहसंपन्न हवेत.

खरी अडचण इथेच आहे. जास्त लोहाचे बरेचसे स्रोत पश्चिम आफ्रिकेतल्या इनियादी गटातले आहेत. आयसीटीपी ८२०३ हा वाण त्यातूनच निवडला गेला आणि पुढे 'धनशक्ती' त्याच्यातून आला. दोन्ही पालक याच गटातून घेतले तर लोह टिकते, पण नाते जवळचे झाल्याने संकरजोम घटतो. बी-लाइनकडे (संकराच्या मादी पालकाची जोडी-ओळ) इनियादी रक्त असेल तर आर-लाइनसाठी (नर पालक) लोहाचा स्रोत वेगळ्या गटात शोधा. तुमच्या ४० नमुन्यांची किंमत या शोधात आहे, डी-स्क्वेअरच्या आकड्यात नाही.

स्थानिक नमुना थेट पालक म्हणून वापरू नका, त्यात झाडागणिक फरक असतो. डीएनएही एकाच झाडाचा घेऊ नका, १०-१५ झाडे वेगवेगळी तपासा. निवडक झाडे स्वफलित करा, म्हणजे त्याच झाडाच्या परागाने दाणे भरू द्या. बाजरीत स्त्रीकेसर आधी आणि परागकोश नंतर बाहेर येतात, त्यामुळे कणीस पोग्यातून निघतानाच, स्त्रीकेसर दिसण्याआधी पिशवी चढवा. एक दिवस उशीर झाला की परक्या परागाचे दाणे. मूळ नमुना जपण्यासाठी मात्र स्वफलन नको, शंभरेक झाडांचे पराग एकत्र करून आपसातच फलन करा.

दाणे_भरणी
हळवा × गरवा संकर घेणार असाल तर गरव्याची पेरणी फुलोऱ्यातल्या फरकाइतके दिवस आधी करा, आणि सुरक्षितता म्हणून हळव्याची दुसरी पेरणी ५ दिवसांनी.