युव्ही देऊनही जेल पातळ होत नाही, काय चुकतंय?

पीएचडीचं दुसरं वर्ष, पुणे. दोन फेनिलअलानिनच्या (एक अमिनो आम्ल) पेप्टाइडला टोकाशी अझोबेंझिन, म्हणजे प्रकाशाने आकार बदलणारा रेणू, जोडलंय. पाण्यात ०.५ टक्क्याला जेल झकास धरतं, व्हायल उलटी केली तरी हलत नाही. ३६५ नॅनोमीटर दिले की ट्रान्सचं (सरळ रूप) सिस (वाकडं रूप) होऊन रेणू वाकतो, चळत मोडते, जेल वाहायला लागतं, असं सगळे पेपर सांगतात. मी टीएलसीच्या (प्लेटवर मिश्रण वेगळं करून बघायची चाचणी) हातदिव्याखाली तासभर ठेवलं. वरचा पापुद्रा नारिंगी, खाली सगळं पिवळंच आणि घट्ट. गाईड म्हणतात, 'परत प्युरिफाय कर.' तिसऱ्यांदा शुद्धीकरणाचा कॉलम लावायची माझ्यात ताकद नाही हो. पुढे यात पेशीही वाढवायच्यात.

उत्तर १
आधी दिव्याचं बटण बघ. एफ२५४ची (२५४ नॅनोमीटरला चमकणारी) टीएलसी प्लेट खाली धर. हिरवी उजळली तर २५४ चालू आहे, आणि ते काचेतून आत जातच नाही. माझा यात अख्खा आठवडा गेलाय.

प्रश्नकर्ती
बघितलं, ३६५च आहे.

उत्तर २
कॉलम लावू नकोस, उत्तर त्या नारिंगी पापुद्र्यातच आहे. सिस झालंय, पण फक्त वर. तुझं ०.५ टक्के म्हणजे साधारण १० मिलिमोलर. ३६५ला मोलर शोषण (रेणू किती प्रकाश खातो त्याचं माप) १०,००० धरलं तरी ९० टक्के प्रकाश पहिल्या ०.१ मिलीमीटरमध्येच संपतो. सेंटिमीटरभर जेलच्या तळाला तो कुठून पोचणार?

दोन कव्हरस्लिपांमध्ये पातळ थर दाब, हातदिव्याऐवजी एलईडी घे. शिवाय ट्रान्स पूर्ण कधीच संपत नाही, उरलेलंही जेल धरून ठेवतं. म्हणून जेल जेमतेम धरेल इतकंच पेप्टाइड घाल. नमुना फॉइलमध्ये गुंडाळ, निळ्या प्रकाशाने सिस परत फिरतं.

पेशींना मात्र ३६५चा मारा सोसत नाही. चार ऑर्थो जागांवर (नायट्रोजनच्या जोडाला लागून असलेल्या) फ्लोरिन असलेलं अझोबेंझिन हिरव्या प्रकाशावर वळतं, निळ्यावर परततं. त्याच्या सिसचं अर्धायुष्य खोलीच्या तापमानाला दोनेक वर्षं आहे. बनवायला कटकट आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रश्नकर्ती
दादा, १२ मिनिटांत वाहिलं! कव्हरस्लिप तिरकी केली तर थेंब कडेला घरंगळला. मग आनंदाच्या भरात फॉइल विसरले, नमुना खिडकीत राहिला. सकाळी बघते तर परत घट्ट. गाईडना आता दोन्ही दाखवते.