एलिएनेशनला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

रंकाळाकाठ: बहिणीला समाजशास्त्राच्या नोट्स मराठीत करून देतोय, औद्योगिकीकरण आणि विषमता. मार्क्सच्या एलिएनेशनपाशी गाडी अडकलीय. पुस्तकात 'परात्मता' आहे, ती वाचते 'परमात्मता' आणि वर मला विचारते, दादा, मार्क्स देव मानत नव्हता ना? नुसतं 'दुरावा' लिहिलं तर चालेल का?

शब्दवेडा: दुरावा नवराबायकोत येतो हो. 1844च्या हस्तलिखितांत मार्क्स म्हणतो ते वेगळंय, कामगारानं बनवलेली वस्तूच परकी होऊन त्याच्यासमोर उभी राहते, मग कामही परकं, माणूसपणही आणि सोबतची माणसंही. परात्मताच बरोबर. अवघड वाटला म्हणून शब्द टाकून द्यायचा नसतो.

तिसरी_पाळी: माझे मामा उद्यमनगरात एका फौंड्रीत मोल्डर, म्हणजे धातू ओतायचे वाळूचे साचे करतात, 30 वर्षं झाली. वाळू ठोकून ठोकून बोटं अशी घासलीत की रेशनच्या मशिनवर अंगठा उठत नाही. एकदा विचारलं, मामा हा पार्ट बसतोय कशात? म्हणाले, "गाडीत बसतोय म्हणत्यात, कुठल्या ते काय म्हाईत न्हाई." शेजारचा कंत्राटी पोरगा तोच साचा करतोय, पगार निम्मा. मामांना परात्मता म्हणून सांगितलं तर पंढरीलाच निघतील. सरळ 'परकेपणा' लिहा.

शब्दवेडा: परकेपणा एकवेळ चालवून घेऊ, पण फौंड्री, मोल्डर कशाला? ओतशाळा आहे की मराठीत.

तिसरी_पाळी: रिक्षावाल्याला ओतशाळा सांगून बघा, एखाद्या शाळंत नेऊन सोडंल 😄

मिसळपाव_नको_कटवडा: आणि शुद्धच पाहिजे तर 'कामगार'चं काय करणार? काम आपलं, 'गार' फारसी. कारखाना तर अख्खाच फारसी.

जुनी_पेठ: आमचे आजोबा म्हणायचे, संपात काम गार पडतं म्हणून कामगार. शाहू मिलमध्ये होते, खरं खोटं त्यांनाच ठाऊक.

मिसळपाव_नको_कटवडा: 😂 शाहू मिल 1906ची ना?

जुनी_पेठ: हो, शाहू महाराजांनी काढलेली. भोंगा झाला की आजी भाताचं पातेलं उतरवायची, घरात घड्याळ असून.

शब्दवेडा: भोंगा 'झाला' नाही, भोंगा 'वाजला'.

जुनी_पेठ: आमच्या गल्लीत व्हायचा.

रंकाळाकाठ: अहो मग परकेपणा फायनल करू का? पेपर सोमवारी आहे.

तिसरी_पाळी: आमच्यात पण भोंगा होतोयच. वाजतोय ते हॉर्न.