प्रतिसाद: एप्रिल ठाणेकरांचा महिना आहे

एप्रिलचं रत्न हिरा आणि फूल डेझी, हे एप्रिलवरच्या मूळ लेखात आलंय ते ठीकच. पण त्यातलं ‘एप्रिल फूल सोडलं तर या महिन्यात आपलं काही नाही’ हे अजिबात पटलं नाही. 16 एप्रिल 1853, शनिवार. दुपारी साडेतीनच्या सुमारास 21 तोफांची सलामी घेऊन बोरीबंदरहून गाडी सुटली. 14 डबे, 400 पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. देशातली ती पहिली प्रवासी गाडी, आणि ती आली कुठे? आपल्या ठाण्याला!

आणि डेझी कुठली घेऊन बसलात? ठाण्यातल्या येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी बहावा बघा. परवा सकाळी फिरून आले तर पदरावर, चपलेच्या पट्ट्यात पिवळ्या पाकळ्या अडकलेल्या. माझ्यासाठी एप्रिलचं फूल तेच.