लाकडातली ‘गाठ’ म्हणायची की ‘डोळा’?

गुहागरवासी
मंडळी, एका शब्दापाशी अडलोय. भाचा वेल्समध्ये असतो. दोन वर्षं ‘यू’ नावाच्या झाडाच्या लाकडाचं धनुष्य करतोय. वाडीतल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी त्यावर लेख पाठवलाय, पण इंग्रजीत. त्याचं मराठी आता आजीशी फोनवर बोलण्यापुरतं उरलंय. भाषांतर माझ्या गळ्यात.

त्याला मिळालेला सहा फुटी तुकडा म्हणजे नुसता गाठाळ, वीतभर सरळ जागा नाही. त्यामुळे लेखात दर दोन ओळींनी ‘नॉट’. मी आपलं ‘गाठ’ लिहीत गेलो. पुढे दोरी चढवायचा भाग आला आणि तिथे दोरीची खरीखुरी गाठ. ‘गाठ कापू नये, तिच्याभोवती लाकूड राखावं’ आणि लगेच ‘गाठ सैल वाटल्यास सोडून पुन्हा मारावी’. बायकोने वाचून विचारलं, “धनुष्याला इतक्या गाठी कशाला बांधतात?” लाकडातल्या गाठीला आपल्याकडे वेगळा शब्द आहे का?

सुतारपक्षी
आहे की. डोळा. आमचे आजोबा कुडाळकडचे, सुतारकी करायचे. मी रंधा हातात घेतला की ओरडायचे, “डोळ्यार रंधो मारू नको, पातां मोडतलां!” फणसाच्या फळीवर तो तांबूस गोल खरंच डोळ्यासारखा दिसतो, मध्ये बुबुळ आणि भोवती रेघा.

वाशिष्ठीकाठ
डोळा उसाचा. डोळा बटाट्याचा. डोळे नारळाला, तेही तीन. जिथून कोंब येतो तो डोळा. फळीतून कधी कोंब आलाय का? आमच्याकडे चिपळुणात सगळे गाठच म्हणतात. वखारीत तर ‘नॉट’. “नॉटचा माल आहे, स्वस्तात लावतो.”

सुतारपक्षी
फळीतून नसेल येत, पण गाठ म्हणजे काय हो? फांदीचं बूड. खोड जाड होत गेलं आणि फांदीचं बूड आत गाडलं गेलं. ती फांदी कधीतरी डोळ्यातूनच फुटली होती ना? म्हणजे आजोबांचा शब्द वनस्पतिशास्त्रालाही धरून आहे. उलट गाठ कोणीतरी मारावी लागते. झाडाला कोणी मारली?

खडूस मास्तर
‘गाठ’ हा शब्द संस्कृत ‘ग्रन्थि’वरून, प्राकृत ‘गंठि’मार्गे आलेला आहे आणि ‘ग्रन्थि’चा अर्थ झाडाचा सांधा असाही होतो. तेव्हा ‘गाठ’ चुकीचा नाहीच. भेद दाखवायचा असेल तर लाकडासाठी ‘ग्रंथी’ आणि दोरीसाठी ‘गाठ’ असं वापरा. सुटला प्रश्न.

कोकमसरबत
मास्तर, ग्रंथी म्हटलं की लोकांना थायरॉइड आठवतो. ‘धनुष्याच्या ग्रंथीभोवती लाकूड राखावे’ वाचून माणूस डॉक्टरकडे जाईल.

आणि तो ‘यू’ तसाच ठेवणार का? ‘यूचं धनुष्य’ कानाला कसंतरीच वाटतं.

खडूस मास्तर
यूला आपल्याकडे नाव आहे: तालीस. तालीसपत्र ऐकलं असेल.

माजघर
थांबा थांबा. तालीसपत्र म्हणजे नक्की कोणतं झाड यावर वैद्यांचंच एकमत नाही. बहुतेक ठिकाणी हिमालयातल्या फरचा पाला तालीसपत्र म्हणून वापरतात, बंगालकडे यूचा. यूचा पाला विषारी असतो, बीसुद्धा. फक्त फळाचा लाल गर विषारी नसतो. हिमालयात यू उगवतो, गढवालात त्याला थुनेर म्हणतात. तेव्हा ‘थुनेर’ लिहा नाहीतर ‘यू’च राहू द्या. ‘तालीस’ लिहून कोणाला पाला चघळायला लावू नका.

गुहागरवासी
यू ठेवतोय. पण मंडळी, गाठीचं काय? भाचा काय करतो ते जरा सांगतो, म्हणजे शब्द कुठे बसवायचाय ते कळेल.

यूच्या लाकडात दोन थर असतात, बाहेर फिक्कट पांढरा आणि आत नारिंगी-तपकिरी गाभा. पांढरा थर ताण सोसतो म्हणून तो धनुष्याच्या बाहेरच्या अंगाला ठेवतात. गाभा दाब सोसतो, तो आतल्या, म्हणजे आपल्याकडच्या अंगाला. एकाच काठीत निसर्गाने दोन लाकडं जोडून दिलीत. म्हणूनच इंग्लंडात लांब धनुष्यांसाठी यू लागायचा. १५४५ साली बुडालेलं ‘मेरी रोझ’ जहाज १९८२ मध्ये वर काढलं, त्यातली शंभरावर धनुष्यं यूचीच.

बाहेरच्या अंगाला वर्षाचं एकच कडं, म्हणजे झाडाच्या एका वर्षाच्या वाढीचा थर, टोकापासून टोकापर्यंत अखंड ठेवायचं. मध्ये गाठ आली की तिथे कडं उंचवट्यासारखं वर चढतं. रंध्याने सपाट केलंत की रेघा तुटल्या आणि धनुष्य तिथेच मोडणार. म्हणून तो उंचवटा तसाच राखायचा, दोन्ही बाजूंनी लाकूड जरा रुंद सोडायचं. भाच्याने लिहिलंय, की रेघा गाठीला वळसा घालून जातात, तसं हत्यारानेही वळसा घालून जायचं. त्याचं पहिलं धनुष्य अशाच एका गाठीवर मोडलं. उंचवटा दिसायला वाईट म्हणून याने कानशीने गुळगुळीत केला होता. दुसऱ्या वेळी गाठींजवळ कानससुद्धा लावली नाही, फुटक्या काचेच्या कडेने खरवडत बसला. एकेका गाठीला एकेक संध्याकाळ.

सुतारपक्षी
काचेने! आजोबा पाटाची कड अशीच काढायचे. काच नवी फोडलेलीच पाहिजे, जुनीला धार राहत नाही. भुगा पडत नाही, केसांसारखे बारीक कुरळे कीस निघतात.

माजघर
आतल्या-बाहेरच्या अंगाला ‘पोट’ आणि ‘पाठ’ म्हणा की. नेम धरणाऱ्याकडे धनुष्याचं पोट, समोर पाठ. इंग्रजीतही तसंच आहे. आणि पांढऱ्या थराला पुस्तकात ‘रसकाष्ठ’ म्हणतात, पण वाडीच्या अंकात नको.

वाशिष्ठीकाठ
मुळात धनुष्य तरी कशाला? ‘कमान’ म्हणा.

खडूस मास्तर
कमान फारसी आहे.

वाशिष्ठीकाठ
‘तीर’ही फारसी. मग तीरकमठा बोलायचं सोडून द्यायचं का? आमच्या डोंगरातल्या कातकऱ्यांना जाऊन सांगा, की तुमचं हत्यार अर्धं इराणी आहे.

खडूस मास्तर
‘कमठा’ तरी आपला आहे. संस्कृतात ‘कमठ’ म्हणजे बांबू. कमठा बांबूचाच असतो.

कोकमसरबत
कमठ म्हणजे कासव ना? स्तोत्रात ऐकलंय.

खडूस मास्तर
दोन्ही अर्थ आहेत.

कोकमसरबत
धन्य ती भाषा.

माजघर
बांबूवरून आठवलं. बांबूला असते तीही गाठ नव्हे, ते ‘पेर’. संस्कृत ‘पर्व’ पासून. म्हणजे दोरीची गाठ, बांबूचं पेर, उसाचा डोळा. फक्त लाकडालाच स्वतःचा शब्द नाही, असं कसं होईल? सुतारपक्ष्याच्या आजोबांना माझं मत.

वाशिष्ठीकाठ
पेर म्हणजे दोन सांध्यांमधलं कांडं. बोटाची पेरं मोजतो ती काय सांधे मोजतो?

माजघर
आमच्याकडे सांध्यालाच पेर म्हणतात.

वाशिष्ठीकाठ
तुमच्याकडे म्हणत असतील.

सुतारपक्षी
अवांतर: कोकणात धनुष्याला यू शोधायची गरजच नाही. धामण आहे. लवचीक, चिवट. कावडीच्या दांड्या धामणीच्या करत. नावातच धनुष्य आहे बघा. संस्कृतात या झाडाला ‘धन्वन’ म्हणतात. धन्वन, धामण.

खडूस मास्तर
कानाला गोड, पण व्युत्पत्ती अशी होत नाही. कोशांत ‘धर्मण’ असा शब्द आहे आणि त्याचे अर्थ दोन: एक झाड आणि एक साप. मराठीतही धामण झाड आणि धामण साप. ‘र्म’चा ‘म्म’, मग ‘म’ आणि मागचा स्वर दीर्घ, जसा ‘कर्म’चा ‘काम’. ‘धन्वन’ला ओढाताण करावी लागते.

सुतारपक्षी
पण झाडाला सापाचं नाव का पडेल? धनुष्याचंच पडेल.

खडूस मास्तर
काठी लवते तशी लवते म्हणून सापाला झाडाचं पडलं असेल.

गुहागरवासी
मी गाठीबद्दल विचारलं होतं.

शुक्रवारी मजकूर छापखान्यात द्यायचाय. तूर्त असं करतोय: लाकडासाठी ‘डोळा’, दोरीसाठी ‘गाठ’, आणि ‘डोळा’ पहिल्यांदा येईल तिथे ‘म्हणजे लाकडातली गाठ’ असं लिहीन. बायको म्हणते, मग आता लोक विचारतील, धनुष्याला डोळे कशाला?

वाशिष्ठीकाठ
बरोबर विचारतील.

गुहागरवासी
सुतारपक्षी, भाच्याला धामणीचं सांगितलं. डिसेंबरात येतोय तेव्हा एक चांगली काठी हवी म्हणतो, सरळ, डोळे नसलेली. कुठे मिळेल?

कोकमसरबत
आमच्या दगडी गडग्याला लागून एक धामण आहे. पण बिनडोळ्याची नाही मिळायची. आणि आत्ता बघायला येऊ नका, गवत कमरेएवढं वाढलंय आणि गडग्यात दुसरी धामण असते.