रात्री प्रवाळांच्या टाकीतील प्रवाह कमी करावा का?

निळीभरती (प्रश्न):
माझ्या २५० लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत मऊ प्रवाळांबरोबर युफिलिया आणि गॅलेक्सिया हे कठीण सांगाड्याचे प्रवाळ आहेत. माशांमध्ये क्लाउनफिशची जोडी आणि वाळूत शिरून झोपणारा एक रॅस आहे. दोन्ही वेव्हमेकर (टाकीत प्रवाह निर्माण करणारे पंप) कंट्रोलरवर चालतात आणि त्यात रात्रीसाठी वेग उतरवण्याची सोय आहे. दिवे मालवल्यावर वेग ३० टक्क्यांवर आणल्यास माशांना विसावा मिळेल असे वाटते; मात्र दिवसा ८.२ असलेला पीएच पहाटे ७.९ पर्यंत उतरतो. अशा स्थितीत प्रवाह घटवणे योग्य ठरेल का, आणि रिटर्न पंपही (सम्प म्हणजे खालच्या जोडटाकीतून पाणी वर आणणारा) मंद करावा का?

खडकाळकिनारा:
वेव्हमेकर पाण्याचा पृष्ठभाग ढवळतो आणि प्रवाळांभोवतीचे पाणीही हलवतो. या दोन कामांचा विचार वेगवेगळा करावा, कारण रात्री पहिल्यात काटकसर चालत नाही. दिवे असेपर्यंत प्रवाळांच्या पेशींत राहणारे शैवाल ऑक्सिजन तयार करते. अंधार होताच तेच शैवाल, प्रवाळ, मासे आणि खडकांतील जिवाणू असे सगळेच ऑक्सिजन वापरतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. २५ अंश सेल्सिअसच्या समुद्रासारख्या खाऱ्या पाण्यात हवेतून लिटरमागे जेमतेम ६.७ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, म्हणजे साठा मुळातच थोडा असतो आणि तो पृष्ठभागावरूनच भरून निघायचा असतो. पीएचमधील आपली घसरण याच श्वसनामुळे होते. एवढा फरक बहुतेक टाक्यांत दिसतो, त्यामुळे तेवढ्यावरून घाबरू नये.

रिटर्न पंपाला मात्र हात लावू नका. तो मंद केला की मुख्य टाकीची पातळी थोडी उतरते, ते पाणी सम्पमध्ये साचते, आणि स्किमर (फेसातून घाण काढून कपात जमा करणारे उपकरण) त्याच कप्प्यात असेल तर त्याचा कप भरून वाहू शकतो.

लाटांचाअभ्यासक:
वरील मताशी मी सहमत आहे, परंतु प्रवाळांच्या बाजूनेही पाहायला हवे. प्रवाळाच्या त्वचेलगत जवळजवळ स्थिर पाण्याचा एक पातळ थर असतो आणि बाहेरचा ऑक्सिजन त्यातूनच आत झिरपतो. प्रवाह मंदावला की हा थर जाड होतो. दिवसा शैवालामुळे पेशींतच ऑक्सिजन मुबलक असतो, म्हणून हे जाणवत नाही. रात्री मात्र पूर्ण पुरवठा बाहेरून होत असल्याने संथ पाण्यात प्रवाळाची खरोखर घुसमट होते. समुद्रातही भरती-ओहोटी सूर्य मावळला म्हणून थांबत नाही.

माशांची काळजी मला रास्त वाटते, पण वाळूत किंवा कपारीत झोपणाऱ्या माशाने आडोसा आधीच शोधलेला असतो. क्लाउनफिश कोपऱ्यात ढकलले जात असतील, तरच त्या बाजूचा वेग उतरवावा, आणि तोही ६० ते ७० टक्क्यांच्या खाली नको.

आपल्याकडे गॅलेक्सिया आहे, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. ती रात्री लांब, दाहक स्पर्शके सोडते आणि एकाच दिशेच्या झोतात ती शेजारच्या प्रवाळापर्यंत पोहोचतात. म्हणून वेग घटवण्याऐवजी झोताची दिशा आलटूनपालटून बदलती ठेवा आणि प्रवाहाच्या खालच्या बाजूला किमान १५ सेंटिमीटर जागा मोकळी सोडा.

निळीभरती:
गॅलेक्सियावरून प्रवाह जिकडे जातो, त्याच बाजूला युफिलिया आहे. ती आजच हलवतो. एक वेव्हमेकर पूर्ण वेगात ठेवून दुसरा ६५ टक्क्यांवर आणला, तर पूर्ण वेगाचा कोणत्या दिशेला वळवावा?

खडकाळकिनारा:
तो किंचित वर वळवावा, म्हणजे पृष्ठभागावर सतत तरंग उठतील, पण हवेचे बुडबुडे खाली ओढले जाणार नाहीत. त्यानंतर काही दिवस दिवे लागण्यापूर्वी पीएच मोजा, कारण तो त्याच वेळी सर्वांत कमी असतो. तरंग चांगले असूनही आकडा वर येत नसेल, तर बंद खोलीच्या हवेतच कार्बन डायऑक्साइड साचलेला असू शकतो. अशा वेळी रात्री खिडकी उघडी ठेवून पुन्हा मोजावे.